सूरंजानची चव

अब्बा, आज दुपारी बाईंची सून माझ्या दुकानात आली होती. मला चौथीपर्यंत शिकवणाऱ्या बाई, तुमच्या पुडीनं गेल्या असं अख्खं जुन्नर मानतं त्या बाई. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि बाईंना त्याहून वर्षभर जास्त, पण सुनेनं काउंटरवर चिठ्ठी ठेवली आणि मी ती दोनदा वाचली. नवऱ्याच्या पायाचा अंगठा सुजलाय, युरिक ॲसिड वाढलंय, आणि डॉक्टरांनी तीच गोळी लिहिलीय जी तेव्हा बाईंना लिहिली होती. मी नेहमीसारखं विचारलं, दुसरं काही चालू आहे का, काढा, चूर्ण, कुणाची पुडी? हे मी प्रत्येकाला विचारते. लोक वैतागतात, चौकशीवालीचं मेडिकल म्हणतात माझ्या दुकानाला, म्हणोत. ती म्हणाली, "न्हाई ओ ताई. सासूबाईंचं तसं झाल्यापासनं आमच्या घरात झाडपाल्याचं औषध येतच न्हाई. पर हकीमसाहेबांवर आमचा राग न्हाई बरं का. म्हातारपनी जीभ जाती मान्साची, त्याला ते तरी काय करनार?"

मी मान डोलावली. पाच गोळ्या कापून दिल्या आणि बाकीच्या गुरुवारी न्या म्हटलं, माल आलेला नाही म्हणून. साफ खोटं, डबा खणातच होता. मला ती परत यायला हवी होती. ती गेली तसं शटर अर्धं खाली ओढलं, जेवणाचा डबा उघडलाच नाही आणि ऑर्डर लिहायच्या वहीत हे लिहायला बसले. मराठीतच लिहितेय. घरात आपण आपली दखनी बोलायचो, पण अक्षरं मला मराठीच आली, आणि तीही ह्याच बाईंच्या हाताखाली. तुमची उर्दू शिकायचा मी जन्मभर कंटाळा केला. त्यावरून तुम्ही मला किती बोललात, आठवतंय का?

तुमचा दवाखाना म्हणजे पेठेतली एक खोली, मधोमध हिरवा पडदा, पडद्याच्या आत औषधं आणि बाहेर माणसं. भिंतीला चिनी मातीच्या बरण्या, त्यांच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या तुमच्याशिवाय कुणाच्या बापाला वाचता येत नसत. मी शाळेतून आलेय, दप्तर अजून पाठीवर आहे, आणि आपटाळ्याच्या वरच्या डोंगरातली एक कोळीण उंबऱ्यात बसून बाळहिरड्याचं पोतं तुमच्यापुढं ओततेय. तुम्ही एकेक हिरडा उचलून दातानं फोडताय. ती म्हणतेय, हकीमबाबा, समदं पोतं चावून बघनार का काय? तुम्ही हसता, पण चावणं काही थांबवत नाही. तिचा हिरडा तुमच्या बरणीत गेला की हलेला व्हायचा. भोकराला तुम्ही सपिस्तान म्हणायचे आणि खोकल्याच्या जोशांद्यात, म्हणजे काढ्यात, घालायचे, आम्ही पोरी त्याच भोकराच्या चिकानं वह्यांची पानं चिकटवायचो. नाडी बघून तुम्ही माणसाचा मिजाज, त्याची प्रकृती सांगायचे, हा गरम, ही सर्द म्हणजे थंड, ह्याचा खुश्क म्हणजे कोरडा. मला वाटायचं, सगळ्या घरांत माणसांबद्दल असंच बोलत असतील.

कागदावर लिहिलेल्या कशावरही तुमचा भरवसा नव्हता, भरवसा फक्त स्वतःच्या जिभेवर. व्यापारी काहीही लिहून पाठवतो म्हणायचे. आणि सर्वांत जास्त पारख सूरंजानची. काश्मीरकडून येणारा तो पांढरा कंद, सोललेल्या लसणीएवढा, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून पार्सलनं यायचा. त्यात दोन जाती. एक शीरीं, म्हणजे गोडी, पिठासारखी सपक, ती सांधेदुखीला पोटात द्यायची. दुसरी तल्ख, म्हणजे कडू, ती विषारी, फक्त वरून लेप लावायला. दिसायला दोघी बहिणी बहिणी, व्यापारी सर्रास मिसळतात, आणि फरक सांगते ती जीभ. मी अकरा वर्षांची असताना तुम्ही कडू कंदाची एक कपची माझ्या जिभेवर ठेवलीत आणि मी भिंतीवर थुंकले. तुम्ही माझा कान धरलात. म्हणालात, थुंकायचं नंतर, आधी चव सांगायची. हकीम आधी खरं सांगतो, मग तोंड धुतो. मी रडत रडत 'कडू' म्हणाले, तेव्हा कुठं कान सोडलात. कान दिवसभर लाल होता.

मी युनानीच्या कॉलेजात जावं अशी तुमची फार इच्छा. मी गेले पुण्याला, फार्मसीच्या डिप्लोमाला. तुम्ही चार दिवस बोलला नाहीत, पाचव्या दिवशी स्वतः एसटी स्टँडवर सोडायला आलात. पुढं मी नारायणगावात मेडिकल टाकलं, जुन्नरहून रोज जीपनं ये-जा करायला लागले, आणि उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही शेरवानी घालून काउंटरच्या पलीकडं, गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे राहिलात. म्हणालात, डोकं दुखतंय, चांगली गोळी दे. आयुष्यात तुम्ही डोकेदुखीची गोळी घेतली नव्हती. मी खाकी पाकिटात घालून दिली, तुम्ही ती मोठ्या अदबीनं खिशात ठेवलीत. पहिलं गिऱ्हाईक माझे अब्बा, हे मी पुढं किती जणांना सांगितलं असेल, मोजदाद नाही.

पण आपलं भांडण तेव्हाच सुरू झालं होतं. कॉलेजात मला कळलं होतं की सांधा सुजल्यावर डॉक्टर जी गोळी देतात तिच्यातलं द्रव्य तुमच्या सूरंजानच्याच कुळातल्या कंदात सापडतं. आपल्या घाटात पावसाळ्यात कळलावी फुलते, तिच्या कंदातही तेच. मी सुट्टीत घरी येऊन हे सांगितलं तर तुम्हाला केवढा आनंद! म्हणालात, बघ, म्हणजे तुमच्या कंपनीनं आमचीच जडी गोळीत कोंबली. आणि मी फटकन बोलले, "फरक आहे अब्बा. गोळीत किती आहे ते वर लिहिलेलं असतं. तुमच्या पुडीत किती आहे ते तुम्हालासुद्धा माहीत नाही." तुम्ही खलात काहीतरी कुटत होतात ते कुटत राहिलात. मी बरोबर बोलले होते, आजही मला ते बरोबरच वाटतं. पण बोलताना मला जी मजा आली होती ती काही बरोबर नव्हती.

बाई तुमच्या जुन्या रोगी. निवृत्त झाल्यावर त्यांचे गुडघे आणि बोटं धरायला लागली, तुम्ही नाडी बघून सांगितलंत, मिजाज सर्द आहे, सूरंजान लागू पडेल. आणि पडलंही, खोटं का बोलू? महिन्याला त्या यायच्या, येताना शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणायच्या, तुम्हाला पुड्या बांधायला कागद म्हणून. रविवारी माझं दुकान बंद, मग पुड्या मीच बांधायची. सकाळच्या पुडीची घडी तिकोनी, संध्याकाळची चौकोनी, वर नाव नाही, औषध नाही, काही नाही. आतल्या औषधाचं नाव बाहेर लिहायचं नाही हा तुमच्या वडलांपासूनचा रिवाज. आणि दुसरा रिवाज रोग्यांचा. हकिमाकडं जातो हे डॉक्टरला सांगायचं नाही, डॉक्टरकडं जातो हे हकिमाला सांगायचं नाही. भीती म्हणून नाही हो, भीड म्हणून. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून माणसं पोटात दोन दोन औषधं घेऊन गप्प बसायची. अजूनही बसतात.

त्या दिवशी बाई मंचरच्या डॉक्टरांकडून परस्पर माझ्या दुकानात आल्या. बाजारचा दिवस, काउंटरला गर्दी. अंगठा टरारून सुजलेला, चप्पल हातात धरली होती त्यांनी. चिठ्ठी पुढं केली आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या वडलांना सांगू नकोस हं. त्यांना वाईट वाटेल. त्यांच्या पुड्या मी सोडलेल्या नाहीत, सोडणारही नाही. पण दुखणं फार आहे गं." म्हणजे त्यांनी मला सांगितलं, अब्बा. भर दुकानात, स्वच्छ मराठीत सांगितलं. आणि चार दिवसांपूर्वी त्यांच्या महिन्याच्या पुड्या मी माझ्या हातांनी बांधल्या होत्या. त्यांना ब्लडप्रेशरच्या गोळ्याही माझ्याच दुकानातून जायच्या, मूत्रपिंडं नाजूक झालीत हेही मला ठाऊक होतं. पुडी आणि गोळी, दोन्हींत एकच द्रव्य, गोड्या कंदात कमी पण असतंच, आणि ते जरा जास्त झालं की विष होतं, हे त्या दुकानातच काय, सबंध नारायणगावात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मला एवढंच म्हणायचं होतं, बाई, दोन्हींतलं एकच घ्या.

तेवढंच मी म्हणाले नाही. गर्दी होती असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. गर्दी काय रोजच असते. खरं असं की मला आनंद झाला होता. तुमच्या सर्वांत जुन्या, सर्वांत मानाच्या रोग्यानं शेवटी माझ्या काउंटरला हात टेकले होते. पुड्या थांबवा म्हटलं असतं तर त्या तुम्हाला विचारायला गेल्या असत्या, आणि गोळ्या थांबवा म्हटलं असतं तर नुसत्या तुमच्याकडं राहिल्या असत्या. मला दोन्ही नको होतं. तुमच्या पुडीनं न पडलेला उतार माझ्या गोळीनं पडताना मला बघायचं होतं. मी पट्टीवर पेनानं दोन वेळा, जेवणानंतर असं लिहून दिलं आणि बाईंना रिक्षापर्यंत हात धरून सोडलं. हुशार आहेस गं पोरी, असं म्हणून त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी उलट्या आणि जुलाब सुरू झाले. घरच्यांना वाटलं काही बाहेरचं खाण्यात आलं असेल. पाचव्या दिवशी लघवी बंद, मग पुण्याला नेलं, आणि आठव्या दिवशी बाई गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी मुलाला विचारलं, चिठ्ठीतल्या औषधांशिवाय आणखी काय चालू होतं? त्यानं कपाटातून तुमच्या पुड्या नेऊन दाखवल्या. असली नाव-गाव नसलेली पावडर घेत होत्या म्हटल्यावर पुढं बोलायलाच काही उरलं नाही. गोळी लिहिणाऱ्याला पुडी माहीत नव्हती, पुडी देणाऱ्याला गोळी माहीत नव्हती. दोन्ही माहीत असलेलं माणूस एकच होतं आणि त्याला कुणी काही विचारलं नाही.

मुलगा आपल्याकडं आला तो रविवारी. मी पडद्याच्या आत होते. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. उरलेल्या पुड्या त्यानं तुमच्या टेबलावर ठेवल्या, बाईंच्याच लाल शाईच्या खुणा असलेले कागद, आणि म्हणाला, "हकीमसाहेब, ह्या तुमच्या. घरात ठेवू वाटत न्हाई." तुम्ही एक पुडी उघडलीत, चिमूट जिभेवर टाकलीत, डोळे मिटलेत. मग बरणीतला अख्खा कंद काढून तोही चावलात. शीरींच आहे, असं पुटपुटलात, पण तुमचा तुम्हालाच विश्वास बसेना. व्यापाऱ्यानं कडू मिसळला असेल आणि आपल्याला कळलं नसेल, हीच एक शंका तुमच्या मनात. मला बाहेर बोलावलंत. मुलाच्या देखत कंदाचा तुकडा माझ्या हातावर ठेवून म्हणालात, "तू चाखून सांग. माझी जीभ गेली असेल."

मी चाखला. सपक, पिठूळ, लहानपणापासून माहीत असलेली चव. कडूपणाचा मागमूस नाही. मला तेवढंच सांगायचं होतं. पण तो कंद चांगला निघाला असता तर तुम्ही पुढचा प्रश्न विचारला असता, मग बाई आणखी काय घेत होत्या? आणि त्याचं उत्तर माझ्या दुकानाच्या बिलबुकात होतं. तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडं बघत होतात. मी म्हणाले, "कडसर लागतंय, अब्बा."

तुम्ही माझ्यावर एका क्षणात विश्वास ठेवलात. स्वतःच्या साठ वर्षांच्या जिभेपेक्षा जास्त. त्या मुलापुढं हात जोडलेत आणि म्हणालात, चूक माझी आहे, बेटा, माझी जीभ गेली. तो बिचारा उलट तुमचीच समजूत घालायला लागला. दुसऱ्या दिवशी तुम्ही हिरवा पडदा उतरवलात. बरण्या रिकाम्या करायचं काम मला सांगितलंत, आणि मी हलेला, बनफ्शा, सपिस्तान, सगळं घंटागाडीत ओतलं. गाडीवाला म्हणाला, वास लई भारी येतोय. बाईंच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही एकटेच विहारात गेलात आणि शेवटच्या ओळीत बसलात. शेजारच्या माणसानं फक्त स्वतःची खुर्ची थोडी बाजूला घेतली. हे तुम्ही घरी आल्यावर मला सांगितलंत, तक्रार म्हणून नाही, असंच. मी तुम्हाला चहा करून दिला.

त्यानंतरचं ते वर्ष मी कशी जगले म्हणाल तर अगदी व्यवस्थित जगले. दुकान वाढलं, तुमचे निम्मे रोगी माझ्याकडं यायला लागले. आपटाळ्याची ती कोळीण, आता पार म्हातारी, एकदा हिरडा घेऊन दाराशी आली तर तुम्ही आतूनच नको म्हणून सांगितलंत. लोक मला विचारायचे, हकीमसाहेबांनी दवाखाना का बंद केला? मी सांगायची, वय झालं, जीभ गेली. इतक्या सहज सांगायची की पुढं पुढं मलाच ते खरं वाटायला लागलं. सुनेच्या तोंडून आज जे आलं ते माझंच वाक्य आहे, गावभर फिरून काउंटरवर परत आलेलं.

गुरुवारी ती येईल. मी तिला आत बोलवेन, स्टुलावर बसवेन आणि सांगेन, असं आत्ता तरी ठरवलंय. तुमच्या सासूबाईंना मी मारलं, निदान वाचवलं नाही, आणि माझ्या बापाच्या औषधात खोट नव्हती. ती ओरडेल, नवऱ्याला घेऊन येईल, दुकानापुढं माणसं जमतील. दुकान जाईलही. त्याची मला भीती वाटते, खूप वाटते, लपवत नाही. बारा वर्षांत असं ठरवायची ही काही पहिली वेळ नाही, म्हणून माझ्या ठरवण्यावर तुम्ही फार विसंबू नका. तुम्हाला सांगायचं म्हणाल तर हे पत्र टाकायला पेटी नाही. कब्रस्तानात आपल्याकडच्या बायका जात नाहीत, आणि जाता आलं असतं तरी मी दगडाशी बोलून मोकळी झाले असते, तेही नको. हे पान वहीतून फाडणार नाही. इथंच राहील, पुढच्या पानावर उद्याची ऑर्डर लिहीन.

एक गोष्ट मात्र राहिली, ती गुरुवारी कुणाला सांगण्यासारखी नाही, तुम्हालाच सांगायची आहे. तुम्ही जायच्या महिनाभर आधीची दुपार. तुम्ही अंथरुणावर, मी मुगाची खिचडी करून आणलेली. दवाखाना बंद केल्यापासून तुम्ही जेवणाला चांगलं वाईट काही म्हणत नव्हतात, पुढं येईल ते खायचात. त्या दिवशी पहिला घास तोंडात घेतलात आणि थांबलात. माझ्याकडं बघून, अगदी भीत भीत विचारलंत, मीठ जास्त पडलंय का गं? तुमच्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं होतं. मी तुमच्याच ताटातला घास घेऊन खाल्ला आणि म्हणाले, नाही अब्बा, बरोबर आहे. तुम्ही 'असेल' म्हणालात आणि सगळं ताट संपवलंत. मीठ जास्तच होतं, अब्बा. उरलेली खिचडी मी मोरीत ओतली होती.